डोपामीन गृहीतक

स्किझोफ्रेनिया (छिन्नमानस) या तीव्र मानसिक आजारातील भास आणि भ्रम हे मेंदूच्या काही भागांत डोपामीन या रासायनिक संदेशवाहकाचे कार्य प्रमाणाबाहेर वाढल्यामुळे उद्भवतात, असे मांडणारे जैविक गृहीतक. स्वीडिश औषधशास्त्रज्ञ आर्व्हिड कार्लसन (१९२३–२०१८) यांच्या संशोधनाशी ते सामान्यतः जोडले जाते. तथापि त्याच्या जनकत्वाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

या विचाराचा उगम औषधांच्या अभ्यासात आहे. फ्रान्समध्ये १९५० च्या अखेरीस तयार झालेले क्लोरप्रोमाझीन हे औषध पॅरिसच्या सेंत-आन रुग्णालयात झां दले व प्येर दनिके यांनी १९५२ मध्ये मनोरुग्णांसाठी वापरले. दुसरा धागा भारतातून जातो. सर्पगंधेचा उपयोग उच्च रक्तदाबावर आणि उन्मादावर होतो, असे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदवले होते. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ मधील ब्रिटिश हार्ट जर्नलमधील लेखामुळे तिच्या रक्तदाबावरील गुणाकडे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष गेले. तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य १९५२ मध्ये बाझेल येथे वेगळे करण्यात आले. रेसर्पीनमुळे मंद व निश्चल झालेले प्राणी डोपामीनचे पूर्वद्रव्य असलेले डोपा टोचल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, हे कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये दाखवले आणि पुढच्याच वर्षी मेंदूतील डोपामीन मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तोवर डोपामीन हा केवळ नॉरॲड्रेनॅलीन या दुसऱ्या संदेशवाहकाच्या निर्मितीतील मधला टप्पा समजला जात असे.

वाद आहे तो १९६३ च्या शोधनिबंधाविषयी. कार्लसन व मार्गिट लिंडक्विस्ट यांनी उंदरांना प्रथम या संदेशवाहकांचे विघटन रोखणारे औषध दिले आणि नंतर क्लोरप्रोमाझीन किंवा त्याच प्रकारे वापरले जाणारे हॅलोपेरिडॉल दिले. तेव्हा मेंदूतील डोपामीन व नॉरॲड्रेनॅलीन यांचे साठे फारसे बदलले नाहीत. परंतु त्या दोहोंपासून बनणारे चयापचयी पदार्थ, अनुक्रमे ३-मेथॉक्सिटायरामीन व नॉर्मेटानेफ्रीन, वाढलेले आढळले. यावरून त्यांनी असे अनुमान काढले की ही औषधे संदेशवाहकांचे ग्राही (चेतापेशींवरील, संदेशवाहक ज्यांना चिकटतात ते रेणू) अडवतात आणि त्याची भरपाई म्हणून चेतापेशी अधिक संदेशवाहक सोडतात. हे अनुमान अप्रत्यक्ष होते, त्यात डोपामीनला एकट्याला निवडलेले नव्हते आणि आजाराच्या कारणाविषयी कोणताही सिद्धांत मांडलेला नव्हता. औषधांचा परिणाम मुख्यतः डोपामीनचे ग्राही अडवल्याने होतो, आणि म्हणून या ग्राहींचे अतिउद्दीपन आजाराच्या मुळाशी असू शकेल, ही मांडणी डच औषधशास्त्रज्ञ जे. एम. व्हान रॉसम यांनी १९६६ च्या सुमारास केली. अनेक पाठ्यपुस्तके १९६३ हेच गृहीतकाचे वर्ष देतात. परंतु मूळ निबंधाचा आशय पाहता कार्लसन यांना पुराव्याचे आणि व्हान रॉसम यांना गृहीतकाचे श्रेय देणे अधिक सयुक्तिक वाटते. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, ते पॉल ग्रीनगार्ड व एरिक कँडेल यांच्यासमवेत आणि चेतासंस्थेतील संदेशवहनाच्या व्यापक कार्यासाठी.

भक्कम आधार १९७५–७६ मध्ये मिळाला. टोरांटो येथे फिलिप सीमन यांनी, तसेच बाल्टिमोर येथे इयन क्रीझ, डेव्हिड बर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी स्वतंत्रपणे दाखवले की एखादे औषध डोपामीनच्या ग्राहीला जितके घट्ट चिकटते, तितकी त्याची उपचारात लागणारी मात्रा कमी असते. हे ग्राही पुढे डी-२ म्हणून ओळखले गेले. डोपामीनचे कार्य वाढवणाऱ्या ॲम्फेटामीन या उत्तेजक द्रव्याच्या अतिसेवनाने निरोगी माणसातही संशय व भास उद्भवू शकतात, ही १९५८ पासूनची नोंदही याच दिशेने जाते.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. औषध ज्या मार्गाने गुण देते तोच मार्ग आजाराचे मूळ असतो, असे सिद्ध होत नाही. ग्राही काही तासांत अडवले जातात, परंतु पूर्ण गुण दिसण्यास अनेक आठवडे लागू शकतात. भावशून्यता, निरिच्छा आणि विचारशक्तीतील उणिवा यांवर ही औषधे फारशी चालत नाहीत. डी-२ ग्राहींना तुलनेने सैल चिकटणारे क्लोझापीन इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत अधिक प्रभावी ठरते, हे १९८८ च्या एका मोठ्या चाचणीत दिसून आले.

त्यामुळे मांडणी बदलत गेली. केनेथ डेव्हिस व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मेंदूच्या अग्रभागी डोपामीनची उणीव व खोल भागात आधिक्य असे द्विविध चित्र मांडले. १९९० च्या दशकापासूनच्या मेंदूचित्रणात अनेक रुग्णांच्या रेखित पिंडात (मेंदूच्या खोल भागातील एका केंद्रात) डोपामीनची निर्मिती व स्राव वाढलेला आढळला. सर्वच रुग्णांत तो आढळत नाही. ऑलिव्हर हाउज व शितिज कपूर यांनी २००९ मध्ये या वाढीकडे अनेक कारणांचा सामाईक परिणाम म्हणून पाहिले, आणि ते मत आज अधिक ग्राह्य दिसते. ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहकाविषयीचे गृहीतक याला पूरक मानतात. २०१४ च्या जनुकीय पाहणीत आजाराशी निगडित १०८ स्थाने आढळली. त्यांत डी-२ ग्राहीच्या जनुकाचे स्थान होते, परंतु ते अनेकांपैकी एक. डी-२ ग्राही न अडवता मस्करिनी ग्राहींवर (ॲसिटिलकोलीन या संदेशवाहकाच्या एका प्रकारच्या ग्राहींवर) कार्य करणाऱ्या झॅनोमेलीन व ट्रॉस्पियम या जोडऔषधाला अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता मिळाली.