अत्तर

अत्तर (नपुंसकलिंगी नाम) : फुले, मुळे, लाकूड इत्यादींपासून ऊर्ध्वपातनाने काढलेले सुगंधी तेल. पारंपरिक अत्तरात मद्यार्क नसतो.

मूळ अरबी शब्द ‘इत्र’. त्याचा अर्थ नुसताच सुगंध. तेलाची अट त्यात नाही. फारसीत त्याचा उच्चार ‘अत्र’ झाला. हिंदीने ‘इत्र’ हे रूप राखले, तर मराठीतला आद्य ‘अ’ फारसी उच्चाराशी जुळतो. शेवटचे जोडाक्षर मराठीने ‘कद्र’चे ‘कदर’ केले तसेच फोडले. ‘अत्तार’ हा मात्र अपभ्रंश नव्हे. तो त्याच धातूपासून झालेला स्वतंत्र अरबी शब्द असून त्याचा अर्थ सुगंधी द्रव्ये व औषधी विकणारा. फारसी सूफी कवी फरीदुद्दीन अत्तार याचे नाव याच धंद्यावरून पडले. महाराष्ट्रात ते आडनाव आहे.

सुगंधाची विद्या इथे या शब्दाच्या आधीपासून होती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (6वे शतक) ‘गंधयुक्ती’वर अख्खा अध्याय आहे.

अत्तराची गोष्ट ‘गुलाब’ या शब्दावाचून अपुरी राहते. फारसीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी; म्हणजे गुलाब हे मुळात फुलाचे पाणी. मराठीत ते फुलाचेच नाव झाले आणि पाण्याला ‘गुलाबपाणी’ म्हणावे लागले, म्हणजे पाणी दोनदा आले! जुना अर्थ ‘अत्तरगुलाब’ आणि ‘गुलाबदाणी’ या शब्दांत टिकून आहे: गुलाबदाणीतून फूल नव्हे, पाणीच शिंपडतात. अत्तर आणि गुलाबपाणी यांचे नाते प्रत्यक्षातही जवळचे आहे. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी करत असताना गरम पाण्यावर आलेली साय तिने थोडी थोडी गोळा केली आणि गुलाबाचे अत्तर मिळाले, असे जहांगीर आपल्या आत्मचरित्रात लिहितो. त्याला ‘इत्र-इ-जहांगीरी’ हे नाव मिळाले.

उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये अत्तर अजून जुन्या रीतीने काढतात. तांब्याच्या डेगेत फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती थंड होऊन साठते त्या भांड्यात, उतरते. भपक्यात आधीच चंदनाचे तेल असते, ते वास धरून ठेवते. पहिल्या पावसात भिजलेल्या तापल्या मातीचा वास पकडणारे ‘मिट्टी’ अत्तरही तिथलेच. त्यासाठी फुलांऐवजी भाजलेली माती डेगेत घालतात.

महाराष्ट्रात अत्तर कानात ठेवतात ते कापसाच्या फायाने. मराठीत उधळपट्टीला ‘अत्तराचे दिवे जाळणे’ म्हणतात.