जुन्या मोटारीचं इंजिन इथेनॉलवर घ्यायचंय? आधी कागद, मग कार्ब्युरेटर

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ‘इंधन’ असा एक रकाना असतो. सहसा आपलं तिकडे लक्षही जात नाही. पण जुन्या पेट्रोल गाडीचं इंजिन इथेनॉलवर चालवायचं ठरवलं की सगळी प्रक्रिया या एका रकान्याभोवती फिरते. तिथे ‘पेट्रोल’ लिहिलेलं असताना इंजिनात बदल करून वेगळं इंधन वापरणं हा मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 खाली येणारा बदल आहे. नियमबाह्य बदल केला तर कलम 182अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून मेकॅनिककडे जाण्याआधी कागद हातात घ्या.

गाडीचं वय आधी बघा

पात्रतेचा पहिला प्रश्न वयाचा आहे, आणि इथेच लोक घाई करतात. जुलै 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 81अ पासून पुढचे व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट एकच, पण कडक: गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये फेरफार केलेला असेल तर हा दर्जा मिळत नाही.

म्हणजे इथेनॉलसाठी इंजिन बदलणं आणि व्हिंटेज नोंदणी या दोन वाटा एकमेकींना छेदतात. 1980 साली नोंदवलेली प्रीमियर पद्मिनी 2030 मध्ये 50 वर्षांची होईल. आज तिच्या इंजिनात फेरफार केला तर तेव्हा तपासणी समितीसमोर काय सांगणार? माझं स्पष्ट मत आहे की पन्नाशी गाठलेल्या किंवा गाठत आलेल्या, मूळ इंजिन शाबूत असलेल्या गाडीला हात लावू नये. अशा गाड्या आता फार उरलेल्या नाहीत.

व्हिंटेजची वाट निवडलीत, तर अर्ज परिवहन पोर्टलवर फॉर्म 20 मध्ये करायचा. सोबत विमा, शुल्क आणि जुनी आरसी लागते. गाडी आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा सीमाशुल्क कागद. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, नूतनीकरणाचं 5,000. राज्याची समिती गाडी पाहते आणि नोंदणी 10 वर्षांसाठी मिळते. नव्याने नोंदलेल्या गाडीच्या नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र ही गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची.

इथेनॉलचीच वाट धरायची असेल तर

वेगळ्या इंधनावर इंजिन चालवण्यासाठी कन्व्हर्जन किट बसवायला कलम 52 मुभा देतं, पण सरकारने घातलेल्या अटींवर. व्यवहारात त्याचा अर्थ असा की किटला मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र हवं. पुण्यातली एआरएआय, मानेसरची आयकॅट यांसारख्या नियम 126 मधल्या संस्था हे काम करतात. विक्रेता ‘सगळं चालतं, काळजी करू नका’ म्हणाला, तरी प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावर तुमच्या गाडीचं मॉडेल किंवा इंजिनची क्षमता बसते का ते स्वतः वाचा. बसत नसेल तर एक रुपयाही देऊ नका. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीसाठी हाच सगळ्यात अवघड टप्पा आहे, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

प्रमाणपत्र हाती असेल तर काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत लेखी विचारणा करा आणि पोच घ्या. गाडीची आरसी मुदतीत हवी. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म 25 भरून नूतनीकरण करावं लागतं. ते राहिलं असेल तर आधी ते उरका. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमती लागते.

बदल झाल्यावर 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसी नोंदीसाठी द्यायची असते. परिवहन पोर्टलवर गाडीतल्या बदलाची, म्हणजे ‘अल्टरेशन’ची सेवा आहे. अर्जासोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा आणि ओळखीचा पुरावा, किटचं मान्यता प्रमाणपत्र, किटचं बिल आणि बसवणाऱ्या केंद्राचा दाखला तयार ठेवा.

तपासणीच्या दिवशी चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतात. नंबरावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची, की अंक पांढरे उमटतात. जुन्या गाड्यांत त्या जागी रंगाचे चार-पाच थर आणि ग्रीस साचलेलं असतं. आदल्या रात्री रॉकेलचा बोळा फिरवून ती जागा साफ करा, सँडपेपर चुकूनही लावू नका. अंक झिजले तर नवीनच संकट. इंजिन नंबरही आरसीशी ताडून पाहा. माझ्या आरसीत एका 3 चा 8 झाला होता, आणि तो दुरुस्त होईपर्यंत गाडी दोन महिने अंगणात उभी राहिली.

आरसीवर नवीन इंधनाची नोंद झाली की विमा कंपनीला कळवून पॉलिसीत तशी दुरुस्ती करून घ्या. हे विसरलं तर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

बिलात काय काय दिसायला हवं

इथेनॉल हे नुसतं वेगळं पेट्रोल नव्हे. पेट्रोलच्या एका भागाला जळायला 14.7 भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला 9. म्हणून तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावं लागतं आणि कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे इंधन सोडणारी बारीक छिद्रं, मोठे करावे लागतात. ते न करता ई85 (85 टक्के इथेनॉल असलेलं इंधन) भरलं तर मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी पडतं आणि व्हॉल्व्ह, पिस्टन तापतात. लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज उतरणारच. ऑक्टेन, म्हणजे इंजिनात ठोके न पडता जळण्याची क्षमता, मात्र जास्त असतं.

दुसरा त्रास पाण्याचा. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि जस्त, ॲल्युमिनियमचे भाग, शिसं-कथलाचा मुलामा असलेली जुनी टाकी त्याने खराब होऊ लागते. गाडीतल्या इंधन पंपाचा रबरी पडदा (डायाफ्राम), होज, कॉर्कचे गॅस्केट फुगतात किंवा चिरतात. जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा चिकट थर सुटून फिल्टरमध्ये येतो. त्यामुळे बिलात टाकीची सफाई, होज, डायाफ्राम, सील, फिल्टर हे सगळं नावानिशी लिहून घ्या. तपासणीत कामाला येतं आणि नंतर भांडणही होत नाही. थंडीत इथेनॉलची वाफ लवकर होत नाही, म्हणून ब्राझीलमधल्या इथेनॉल गाड्यांत सकाळी सुरू करण्यापुरती पेट्रोलची छोटी टाकी वेगळी दिलेली असायची.

इंधन जवळपास मिळतं का, हेही आधी पाहा. मार्च 2024 मध्ये इंडियन ऑइलने पाच राज्यांतल्या 183 पंपांवर ई100, म्हणजे जवळपास शुद्ध इथेनॉल, आणलं, त्यात महाराष्ट्र होता. पण देशाच्या मानाने हा आकडा छोटा आहे.

ज्यांना फक्त पंपावरच्या ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे गाडी खराब होईल अशी भीती वाटते, त्यांना या अर्जाची गरज नाही. इथेनॉल सोसणारे होज, सील आणि डायाफ्राम बसवणं ही दुरुस्ती आहे. आरसीवरचं इंधन पेट्रोलच राहतं. गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

आणि इथेनॉलवर गेलातच, तर काढलेला मूळ कार्ब्युरेटर, जेट आणि पंप मेकॅनिककडे सोडू नका. कापडात गुंडाळून, तारखेची चिठ्ठी लावून घरी ठेवा. पुन्हा पेट्रोलवर यायचं झालं तर तोही कायद्याने बदलच ठरतो आणि तोही 14 दिवसांत कळवावा लागतो. त्या वेळी हे भाग बाजारात मिळतीलच असं नाही.