गुल्पियुरी पुळण

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, अस्तुरियास प्रांतातील यानेस परिसरात, नावेस या खेड्याजवळची आतल्या जमिनीतली पुळण. लांबी सुमारे 40 मीटर. वाळू आहे, पाणी खारे आहे, भरती-ओहोटी होते, लहान लाटाही फुटतात. पण तिथे उभे राहिले की समुद्र दिसत नाही. तो सुमारे 100 मीटर पलीकडे, कड्याआड असतो. एका अंगाला खडक आणि भोवती हिरवी कुरणे, अशा खळग्यात ही पुळण आहे. 2001 मध्ये तिला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

हा किनारा चुनखडकाचा. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते व भेगांतून झिरपताना चुनखडक विरघळवत जाते. भेगा रुंदावून बोगदे होतात, बोगद्यांच्या गुहा होतात. समुद्राकडून लाटाही खडक पोखरत राहतात. अशाच एका पोकळीचे छत खचले आणि वाटीसारखा खळगा उघडा पडला. भूविज्ञानात त्याला विलय विवर म्हणतात. खालचे बोगदे मात्र शाबूत राहिले आणि त्यांतूनच कँटाब्रियन समुद्राचे पाणी आजही येते-जाते. कोकण-गोव्याचा किनारा काळ्या कातळाचा आणि जांभ्याचा. लाटा त्यातही घळी कोरतात, पण हे दगड चुनखडकासारखे विरघळत नाहीत. त्यामुळे कुरणाच्या मधोमध खडकाच्या बुडातून लाट येताना पाहणे मराठी प्रवाशाला फार नवलाचे वाटते.

या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. गुल्पियुरीचे रूप त्यावरच ठरते. पूर्ण ओहोटीला खळग्यात जवळपास नुसती ओली वाळू उरते. ऐन ओहोटीच्या वेळी पोहोचलेला माणूस निराश होतो, आणि त्यात पुळणीचा काही दोष नसतो. म्हणून भरतीचे वेळापत्रक पाहून, पाणी चढू लागण्याच्या सुमारास जावे आणि थोडा वेळ थांबावे. बोगद्यांच्या तोंडाशी पाणी आधी हलते, मग वाळूवर पातळ पातळ सरकत येते. हे चढणे पाहण्यातच भेटीचे सार आहे. पाणी उथळ असते, उन्हाळ्यातही गार लागते. पोहण्याच्या हौसेसाठी जवळची सान आंतोलिनची मोठी पुळण आहे, पण तिथे उघड्या समुद्राच्या लाटा असतात याचे भान ठेवावे.

पुळणीपर्यंत पायीच जावे लागते. नावेसकडून किंवा सान आंतोलिनकडून वाट येते. सांतियागो या स्पेनमधील ख्रिस्ती तीर्थक्षेत्राला जाणाऱ्या यात्रेकरूंची उत्तरेकडची वाटही याच पट्ट्यातून जाते. उन्हाळी सुट्टीत चाळीस मीटर वाळूवर दाटी होते, त्यामुळे सकाळ बरी. बोगद्यांत शिरू नये: पाणी आत कधी, किती जोराने भरेल याचा बाहेरून अंदाज येत नाही. खडकाच्या कडाही झिजून धारदार झालेल्या असतात.

‘जगातील सर्वांत लहान पुळण’ ही बिरुदावली गुल्पियुरीला सर्रास लावली जाते. असा मान मोजून देणे अवघड आहे, आणि तिचे खरे वेगळेपण तिच्या जागेत आहे, आकारात नाही. चुनखडकाची हीच करामत आसपास इतर रूपांतही दिसते. ब्युएल्ना गावाजवळच्या कोबिहेरू येथे अशीच आतली पुळण आहे. प्रीआ येथे कड्याच्या माथ्यावर खडकाला उभी भोके पडली आहेत. त्यांना स्थानिक लोक ‘बुफोनेस’ म्हणतात. समुद्र खवळला की खालच्या गुहेत कोंडलेली हवा आणि पाणी त्यांतून फुत्कारत उंच उसळते, आणि तो आवाज बराच लांबपर्यंत ऐकू जातो.