खान्देशात सामुदायिक रेडिओ सुरू करायचाय? परवानगी कोणाला मिळते, कागद कोणते लागतात

जळगाव आणि धुळ्यात आकाशवाणीची केंद्रे आहेत. पण धडगावच्या पाड्यांवर पावरा आदिवासींच्या पावरी बोलीत किंवा शिंदखेड्याकडच्या गावांत अहिराणीत दिवसभर बोलणारा रेडिओ हवा असेल, तर तो तिथल्याच माणसांना उभा करावा लागतो. त्यासाठी केंद्र सरकारचे सामुदायिक रेडिओचे धोरण आहे. 2002 मध्ये ते फक्त शैक्षणिक संस्थांपुरते होते, 2006 पासून सेवाभावी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही त्यात जागा मिळाली.

एकट्या व्यक्तीला परवानगी मिळत नाही. नफ्यासाठी चालणारी कंपनी, राजकीय पक्ष आणि पक्षांशी जोडलेल्या संघटना (विद्यार्थी, महिला, कामगार वगैरे) यांनाही नाही. संस्थेची नोंदणी किमान 3 वर्षे जुनी हवी आणि त्या परिसरात तेवढे कामही झालेले हवे.

कागदांत नोंदणी प्रमाणपत्र, घटना व नियमावली, 3 वर्षांचे वार्षिक अहवाल, लेखापरीक्षण झालेले हिशेब, कार्यकारिणीची यादी आणि अर्ज करण्याचा ठराव एवढे आधी जमवा. आपल्याकडे घोडे अडते ते कार्यकारिणीच्या यादीवर. विश्वस्त बदलला की धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. कित्येक संस्थांत तो दिलेलाच नसतो, किंवा दिलेला असून वर्षानुवर्षे मंजूर झालेला नसतो. मग अर्जावर एक नावे आणि परिशिष्ट 1 च्या (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीच्या) उताऱ्यावर दुसरी. रेडिओचा विचार मनात आला त्याच आठवड्यात हा उतारा काढून बघा, टॉवरची किंमत नंतर विचारा.

अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर ऑनलाइन करायचा. गृह, संरक्षण अशा मंत्रालयांकडून तपासणी होते, म्हणून वेळ लागतो. विद्यापीठांना आणि सरकारी शिक्षणसंस्थांना ही वाट थोडी जवळची आहे. होकार आला की लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे इरादापत्र मिळते. त्यानंतर दूरसंचार विभागाकडून फ्रिक्वेन्सी आणि टॉवरच्या जागेची मंजुरी घ्यायची, 25,000 रुपयांची बँक गॅरंटी द्यायची, मंत्रालयाशी करार करायचा आणि शेवटी वायरलेस परवाना.

जागेचे अक्षांश-रेखांश मात्र जपून भरा. जागा बदलली की मंजुरीचे काम पुन्हा पहिल्यापासून. साधारणपणे 100 वॅटची प्रक्षेपण क्षमता आणि जमिनीपासून जास्तीत जास्त 30 मीटर उंचीचा अँटेना एवढीच मुभा असते. यावल-रावेरच्या सपाटीवर तेवढ्यात बरीच गावे येतात. सातपुड्यात तसे होत नाही, डोंगराआडच्या पाड्याला एफएमचा आवाज पोचतच नाही. म्हणून अर्जाआधी त्या टेकडीवर स्वतः चढा आणि कोणते पाडे नजरेत येतात ते पाहा.

2024 च्या सुधारित नियमांनुसार सुरुवातीचा करार 10 वर्षांचा असतो. तासाला 12 मिनिटे जाहिराती चालतात. सल्लागार व आशय समितीत निम्म्या महिला हव्यात. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण गावच्या बैठकीत बाया मागेच बसतात. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक हवेत. बातम्या आकाशवाणीच्याच, त्याही जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत, बोलीत भाषांतर करून. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत.

सगळ्या मंजुऱ्या हाती आल्यावर 3 महिन्यांत प्रसारण सुरू करायचे असते. तेवढ्यात माणसे तयार होत नाहीत. अहिराणी, पावरी, लेवा बोली बोलणाऱ्या पोरापोरींना ध्वनिमुद्रण शिकवायला कोणाचीच परवानगी लागत नाही, तेव्हा ते काम अर्ज भरला त्याच दिवसापासून घ्या.