ट्रॅकवर गाणे वेगळे, ओठ हलवणे वेगळे

गेल्या हिवाळ्यात इंदुरातील एका सभागृहात, दूरचित्रवाणीवरील स्पर्धेमुळे घरोघरी पोहोचलेल्या एका गायिकेच्या कार्यक्रमात, ऐन अंतऱ्यात तिचा माइक बंद पडला. मंचावर वादक नव्हते, स्पीकरमधून ढोलक आणि बासरी वाजत राहिली, तिचा आवाज तेवढा नाहीसा झाला, आणि माझ्या मागच्या रांगेतून कोणीतरी विजयी स्वरात म्हणाले, "पाहिलंत? सगळं टेपवर चाललंय. पकडली गेली!"

हे वाक्य मी याआधीही कितीदा तरी ऐकले आहे आणि दर वेळी मला त्या गायकाचे वाईट वाटते. माइक बंद पडताच आवाज थांबला, याचा अर्थ ती खरोखर गात होती. नुसते ओठ हलवत असती, तर माइक बंद पडूनही गाणे अखंड सुरू राहिले असते.

करावके आता सर्वांच्या परिचयाचे आहे, तेव्हा मायनस ट्रॅक म्हणजे काय हे फार सांगावे लागणार नाही : वाद्यमेळ आधी मुद्रित केलेला, गायकाची जागा रिकामी. ती जागा भरताना सूर, श्वास, शब्दफेक सारे त्या क्षणाचे असते आणि चूक झाली तर तीही सभागृहभर ऐकू जाते. ओठ हलवताना मात्र गायकाचा आवाजही मुद्रितच असतो. फरक ओळखायचा असेल तर माइकच्या अंतराकडे लक्ष द्यावे. मान वळली, हात खाली आला की खरा आवाज लगेच पातळ होतो. मुद्रित आवाज ढळत नाही. दोन ओळींमध्ये गायक "नमस्कार इंदूर" म्हणतो तेव्हा बोलण्याचा आणि गाण्याचा आवाज एकाच जागेतून आल्यासारखा वाटतो का, हेही ऐकावे. मूळ गायनाचा आवाज ट्रॅकमध्ये हळू ठेवून त्यावर गाण्याची एक मधली पळवाटही आहे, आणि माझा खरा आक्षेप तिला आहे, कारण तिथे श्रोत्याला कोणाचे काय हे कळूच दिले जात नाही.

'लाइव्ह' या शब्दाने गोंधळात भर घातली आहे. दूरचित्रवाणीवर तो प्रक्षेपणाबद्दल असतो, गळ्याबद्दल नव्हे. थेट प्रक्षेपित सोहळ्यातही ओठ हलवता येतात. उलट, आठवडाभर आधी चित्रित झालेल्या भागातले गाणे वादकांसमोर खरेखुरे गायलेले असू शकते. मात्र आपल्या घरी पोहोचण्याआधी त्याचे ध्वनिमिश्रण झालेले असते, त्यामुळे तीच मुलगी सभागृहात अडीच तास गाते तेव्हा आवाज तितका गुळगुळीत लागत नाही आणि लोक म्हणतात, "टीव्हीवर बरी गायची."

माझी स्वतःची पसंती, अर्थात, समोर बसलेल्या वादकांनाच आहे. संगीतरसिक रामूभैय्या दात्यांच्या घरात वाढलेल्या, 1934 साली इंदुरात जन्मलेल्या भावगीतगायक अरुण दाते यांनी 'शुक्रतारा' हा कार्यक्रम वर्षानुवर्षे गावोगावी केला. भावगीताची अशी मैफल गायक आणि वादक एकमेकांकडे पाहत, एकमेकांना सांभाळत पुढे नेतात. एखादी ओळ पुन्हा घ्यावीशी वाटली तर तबलजी ठेका धरून ठेवतो. ट्रॅकला हे जमत नाही. वन्समोअर आला तरी तो पुढेच जातो, घसा बसला म्हणून ऐन गाण्यात अर्धा सूर खाली येत नाही. एवढ्यासाठी ट्रॅकला नावे जरूर ठेवावीत. त्यावर गाणाऱ्याला लबाड ठरवू नये.

त्या संध्याकाळी दुसरा माइक तिच्या हातात येईपर्यंत ट्रॅक अंतरा ओलांडून ध्रुवपदावर पोहोचला होता. तिने क्षणभर कान देऊन जागा शोधली, दुसऱ्या शब्दावर सूर पकडला आणि गाणे पूर्ण केले. मागच्या रांगेतली कुजबुज तोवर थांबलेली नव्हती.