विद्यापीठातला मुक्कामी कलावंत : पार्श्वभूमी

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक उच्चशिक्षण संस्थेत मुक्कामी कलावंत (आर्टिस्ट-इन-रेसिडेन्स), म्हणजे संस्थेत राहून काम करणारा आणि शिकवणारा कलावंत असावा असं म्हटलं, तेव्हा हे काहीतरी नवंच असल्यासारखी चर्चा झाली. शांतिनिकेतनात ही रीत जवळजवळ शंभर वर्षं जुनी आहे.

तिथे १९१९ साली सुरू झालेल्या कलाभवनात, म्हणजे कलाशाळेत, जयपूरहून भित्तिचित्रांचा कारागीर आला, युरोपातून शिल्पकार आल्या आणि विद्यार्थी त्यांच्या हाताखाली राबले. खानदेशातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यातलं पहिलंच. तिथली बांबूची सजावट कलाभवनाच्या प्रमुखांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून केली. १९३८मध्ये हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी त्यांनी काढलेल्या चित्रांच्या नकलाही विद्यार्थ्यांनीच केल्या. मग १९४६-४७मध्ये शांतिनिकेतनातल्याच हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र झालं, तेही विद्यार्थ्यांना सोबत घेऊन. अशा भित्तिचित्रात ओला गिलावा वाळायच्या आत रंग बसवावा लागतो. पाऊण तासाच्या तासिकेत हे शिकवता येत नाही. त्या भिंतीपाशी मदतीला असलेल्या एका विद्यार्थ्याने पुढे बडोद्यात चित्रकारांच्या पिढ्या घडवल्या.

बडोद्यात १९५०पासून चित्रकला-शिल्पकलेची थेट विद्यापीठाची पदवी मिळू लागली. कलेला मान मिळाला, हे खरं. पण पदवी आली तशी हळूहळू शिक्षकाकडेही ती असावी लागली आणि निव्वळ हातात कसब असलेला माणूस विद्यापीठाच्या फाटकाबाहेर राहिला.

त्याला आत घेण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३मध्ये मुक्कामी कलावंतांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे निरनिराळ्या व्यवसायांतल्या अनुभवी तज्ज्ञांना शिकवायला घेण्याची योजना वेगळी. तिथे मंजूर पदांच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे आणि एकूण कार्यकाळ ४ वर्षांपलीकडे जात नाही. दोन्हींची सर्रास गल्लत होते. कलावंतांच्या योजनेत पदवीची अट नाही, पण ‘कलागुरू’च्या तीन पायऱ्या आहेत : गुरू, परमगुरू आणि परमेष्ठी गुरू. कोण कुठल्या पायरीवर, हे अनुभवाची वर्षं आणि पुरस्कार पाहून ठरतं.

वाद इथेच आहे. समर्थक म्हणतात, मानधन ठरवायचं तर काहीतरी मोजमाप हवंच, नाहीतर ओळखीपाळखीवर नेमणुका होतील. ही भीती खोटी नाही. पण चित्रं दाखवत कथा सांगणारा पिंगुळीचा चित्रकथी किंवा गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारा सावंतवाडीचा कारागीर अनुभवाची वर्षं कुठल्या कागदावर दाखवणार? बापाच्या मांडीवर बसून शिकलेल्याला रुजू झाल्याचा दाखला कोण देतो? पुरस्कारासाठीही आधी कुणीतरी अर्ज भरून द्यावा लागतो, आणि ते जमतं शहराशी संबंध असलेल्यांनाच. पदवी दारातून काढली आणि प्रमाणपत्र खिडकीतून आत आलं, असा हा प्रकार वाटतो.

विद्यार्थ्यांच्या बाजूने प्रश्न श्रेयांकांचा, म्हणजे पदवीसाठी मोजल्या जाणाऱ्या क्रेडिट्सचा. मुक्कामी कलावंताबरोबर केलेलं काम अभ्यासक्रमात धरलं नाही, तर परीक्षा जवळ येताच मुलं तिकडे फिरकत नाहीत. धरलं, तर गुण कुणी द्यायचे, कलावंताने की विभागाने, यावर पुन्हा बैठका.