ब्रॅकेट पायात नाही, खांद्यात

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पोडियमवर खडूचं एक मोठं वर्तुळ आहे. भाचीने 3 मीटरची सुतळी धरून काढलेलं. आर्टिस्टिक रोलर स्केटिंगमध्ये फिगर्सची, म्हणजे वर्तुळावर गिरवायच्या आकृत्यांची, मोठी वर्तुळं सहसा 6 मीटर व्यासाची असतात. ठाण्यात बर्फ कुठला! पण बर्फावरचे थ्री, ब्रॅकेट, रॉकर, काउंटर हे टर्न, म्हणजे एकाच पायावर पुढून मागे किंवा मागून पुढे वळणं, चार चाकांवरही घेतात. बर्फावर पात्याची एक धार वळण धरते. इथे तळवा कलला की ॲक्सलपाशी बसवलेलं रबर दबतं आणि चाकं त्या बाजूला वळतात.

ब्रॅकेट मात्र महिनाभर जमत नव्हता. "मामा, पायच वळत नाही!"

वर्तुळावर जाणारा स्केटर एका फेरीत स्वतःभोवतीही एकदा फिरतो. डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर पुढे निघालात, तर घड्याळाच्या उलट दिशेने. थ्रीमध्ये टर्नही त्याच दिशेने, म्हणजे निम्मं काम वर्तुळच करतं. ब्रॅकेटमध्ये वळायचं त्याविरुद्ध आणि वळून झाल्यावर राहायचं त्याच वर्तुळावर. शिरताना भांडण, निघतानाही भांडण. रॉकरमध्ये शिरणं सोपं, निघणं कठीण, कारण पुढचं वर्तुळ उलट दिशेचं; काउंटरमध्ये नेमकं याच्या उलट. शिवाय या दोघांत शरीराचा कलही बदलावा लागतो. सेकंदाला 3 मीटर वेगाने या वर्तुळावर तो साधारण 17 अंश असतो, म्हणजे थोडाथोडका नव्हे.

मग वर्तुळाविरुद्ध वळायला जोर आणायचा कुठून? ऑफिसच्या फिरत्या खुर्चीत पाय उचलून बसा आणि दोन्ही हात झटकन उजवीकडे न्या. खुर्ची डावीकडे फिरते. स्केटर हेच दोन टप्प्यांत करतो. आधी खांदे सावकाश टर्नच्या दिशेने नेतो. चाकांची पकड असते, त्यामुळे उलटा धक्का जमीन सोसते. मग ऐन टर्नला खांदे मागे खेचतो, की कंबर आणि पाय आपोआप टर्नच्या दिशेने सुटतात. त्या क्षणी पाय हलका हवा, म्हणून वाकवलेला गुडघा आधीच उचलायला घ्यायचा. वजनकाट्यावर बसून उठा. उठणं संपता संपता काटा क्षणभर खाली येतो. टर्न तेवढ्यात उरकायचा.

भाची खांदे आणि पाय एकदमच फिरवायची, गुडघा उशिरा उचलायची. कानाला कळायचं, चाकं खर्रकन घासायची. चाकांची रेघ दिसावी म्हणून आम्ही वर्तुळावर खडूची पूड पसरली. वळताना रेघेला टोक येतं: थ्रीचं वर्तुळाच्या आत, ब्रॅकेटचं बाहेर, अगदी महिरपी कंसासारखं. तिचा नुसता फराटा यायचा. बर्फावरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून ही वर्तुळं 1990 नंतर गेली. मला विचाराल तर चूकच झाली. खडूइतका खरं बोलणारा कोच नाही.

परवा पहिल्यांदा टोक उमटलं. सकाळी मावशी झाडू मारायला यायच्या आत फोटो काढून ठेवलाय.